सीलबंद बाहुलीचा आग्रह कशासाठी?

बेळगाव, निपाणी, खानापूर या आपल्या भागात हल्ली छंदांची प्रदर्शनं भरतात. नाणी, टपाल तिकिटं, काड्यापेट्या, जुनी फाउंटन पेनं यांच्या शेजारी आता फॅशन डॉल्स, म्हणजे बार्बीसारख्या कपडे बदलता येणाऱ्या बाहुल्या, जमवणाऱ्यांचंही एखादं टेबल असतं. बाहुली मूळ खोक्यातून बाहेर काढली तर ती संग्रहाची वस्तू राहते का, हा वाद या टेबलाभोवती बरेच दिवस धुमसत होता. मग एका प्रदर्शनाच्या प्रवेशपत्रिकेत 'बाहुल्या मूळ सीलबंद खोक्यातच असाव्यात' अशी अट छापून आली आणि तो उघड्यावर आला. त्यावर दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं ते ऐकून वाईट वाटलं. खोकं न उघडणारे म्हणाले, उघडणाऱ्यांना वस्तूची किंमत कळत नाही. उघडणारे म्हणाले, न उघडणारे नुसते व्यापारी, त्यांना बाहुलीशी काय देणंघेणं? एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला भावना. बाहुली कशासाठी घडवली जाते, कशाची बनते, कशी टिकते आणि तिच्यापासून काय शिकता येतं, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. फॅशन डॉल खोक्यातून काढणं, तिचे केस विंचरणं, कपडे बदलणं, तिला नवे कपडे शिवणं हाच या छंदाचा गाभा आहे. सीलबंद संग्रह हाही एक प्रकार आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण तोच एकटा खरा आणि बाकी सगळा पोरखेळ, हा दावा इतिहासाला धरून नाही, वस्तूच्या जडणघडणीला धरून नाही, आणि आपल्या भागातल्या बायकांच्या हातातल्या कसबाला तर तो सरळ दाराबाहेर उभं करतो.

बार्बी पहिल्यांदा लोकांपुढे आली ९ मार्च १९५९ रोजी, न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात. तोवर अमेरिकेतल्या मुलींच्या हाती येत त्या बहुतेक तान्ह्या बाळाच्या रूपातल्या बाहुल्या. त्यांना कडेवर घ्यायचं, दूध पाजायचं, निजवायचं. बार्बी काढणाऱ्या मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांना हवी होती ती मोठ्या बाईच्या अंगलटीची बाहुली, आणि तिचा नमुना त्यांना 'लिली' या जर्मन बाहुलीत सापडला. मोठ्या बाईची अंगलट कशासाठी? कपड्यांसाठी. या साडेअकरा इंची अंगावर कपडे बेतायला शार्लट जॉन्सन या व्यवसायाने फॅशन डिझायनर असलेल्या बाईंना नेमलं होतं. कपडे जपानमध्ये शिवून घेतले जात. त्यांना आतून अस्तर असे, इवल्याशा चेनी, इवलीशी बटणं असत. बाहुलीची किंमत ३ डॉलर, आणि कपड्यांचे जोड वेगळे विकत घ्यायचे. धंद्याचं सगळं गणितच मुळी ही बाहुली कपडे बदलणार या एका गोष्टीवर उभं होतं. ती एकाच पोशाखात जन्मभर उभी राहील असं तिला घडवणाऱ्या कुणाच्याही मनात नव्हतं.

आणखी मागे गेलं तरी हेच दिसतं. सतराव्या-अठराव्या शतकात पॅरिसहून युरोपभर 'पँडोरा' नावाच्या बाहुल्या जात, नव्या तऱ्हेचे कपडे अंगावर घालून. राजघराण्यातल्या बायका आणि त्यांचे शिंपी त्या कपड्यांची बेतणी न्याहाळत, त्यावरून आपले कपडे बेतत. १९४५ साली, युद्धाने कापडाचा दुष्काळ पडलेला असताना, पॅरिसच्या नामवंत शिवणघरांनी तारेच्या सांगाड्याच्या, सुमारे सव्वादोन फुटी बाहुल्यांवर आपलं नवं काम चढवलं आणि बसलेल्या धंद्याला पुन्हा उभारी दिली. शिवणकामाची विद्या एका हातून दुसऱ्या हाती पोचवणं हे फॅशन डॉलचं जुनं काम आहे. बंद खोक्यातून ते कसं होणार?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते पोकळ नाहीत, म्हणून नीट तोलायला हवेत.

पहिला मुद्दा पैशाचा. खोकं फोडलं की बाहुलीची किंमत उतरते, कधी कधी निम्म्यावर येते, हे खरं आहे. संग्राहकांसाठी काढलेली बाहुली परदेशातून मागवायची तर बाहुलीचे पैसे, टपाल, सीमाशुल्क मिळून हजारोंचा आकडा होतो. महिन्याच्या पगारातून थोडे थोडे बाजूला काढून एखादीने ती घेतली असेल आणि अडीनडीला विकता यावी म्हणून सील राखलं असेल, तर तिला लोभी म्हणणं अन्यायाचं आहे. तिचा हिशेब तिच्या परिस्थितीतून आलेला आहे. प्रश्न एवढाच की तो हिशेब जुळतो का?

दुर्मीळपणा येतो कुठून, ते पाहा. १९५९ ची खोक्यातली बार्बी आज अफाट किमतीला जाते, कारण त्या वर्षी घेतलेल्या जवळजवळ सगळ्या बाहुल्या मुलींनी उघडल्या, खेळल्या, झिजवल्या. त्यांनी उघडल्या म्हणून न उघडलेली मोलाची ठरली. सगळ्यांनीच राखून ठेवायचं म्हटलं तर काय होतं याचाही दाखला आहे. १९८८ साली मॅटेलने लाल झग्यातली 'हॅपी हॉलिडेज' बार्बी काढली. माल कमी होता, पटकन संपला, पुढे भाव चढला. ते पाहून लोक दरवर्षी त्या मालिकेतली नवी बाहुली घेऊन न उघडता कपाटात रचू लागले, आणि कंपनीही मागणी पाहून माल वाढवत गेली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या त्या बाहुल्या आज कोऱ्या, सीलबंद, हव्या तितक्या मिळतात. ज्यांनी त्या म्हातारपणाची पुंजी म्हणून जपल्या त्यांना बहुतेक वेळा मूळ किंमतही सुटत नाही. सगळ्या गावाने तेच जपलं तर ते दुर्मीळ कसं राहील? आणि इतकी वर्षं ती बाहुली डोळे भरून पाहिलीही नाही, हा तोटा कुठल्या वहीत मांडायचा?

उलट दिशेचा दाखला ब्लाइथचा. केनर कंपनीची ही मोठ्या डोक्याची, दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदलणारी बाहुली १९७२ साली आली, मुलांना रुचली नाही आणि वर्षभरात बंद पडली. पुढे जीना गारन यांनी जुनी ब्लाइथ हाती घेतली, तिला कपडे घातले, प्रवासात सोबत नेलं, रस्त्यावर, समुद्रकिनारी, खिडकीत बसवून तिची छायाचित्रं काढली. ती २००० साली पुस्तकरूपाने आली, आणि २००१ पासून जपानच्या ताकारा कंपनीने ही बाहुली नव्याने काढली. पडून असलेल्या बाहुलीला बाजारभाव आला तो कुणीतरी तिला उघड्यावर नेली म्हणून.

दुसरा मुद्दा टिकण्याचा, आणि हा मला सगळ्यात वजनदार वाटतो. ऊन आणि दिव्यांच्या प्रखर उजेडाने कपड्यांचे रंग उडतात, धूळ केसांत बसते, हाताचा घाम आणि तेल प्लास्टिकला लागतं. खोकं यातल्या बऱ्याच गोष्टींपासून वाचवतं. एवढंच काय, बाहुलीतल्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकला लवचिक ठेवणारी जी तेलकट द्रव्यं असतात ती बंद जागेत कमी वेगाने बाहेर पडतात, त्यामुळे घट्ट बंद डबा त्या प्लास्टिकच्या हिताचाच असतो. पण दुकानातून येतं ते खिडकीवालं पुठ्ठ्याचं खोकं घट्ट बंद असतं का? त्याच्या फटींतून बेळगावचा पावसाळा आत येतो. खानापूरकडे, घाटाला लागून राहणाऱ्यांना तर सांगायलाच नको. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, पुठ्ठा ती ओढून घेतो, खळीला कसर लागते, पिना आणि बांधायच्या तारा गंजतात. खोक्याच्या आतही बाहुली सुखात नसते. केसांना लावलेलं रबर कालांतराने वितळून चिकटतं किंवा कडक होऊन तुटतं. गडद रंगाचा कपडा वर्षानुवर्षं अंगाला चिकटून राहिला की त्याचा रंग प्लास्टिकमध्ये उतरतो आणि तो डाग सहजासहजी निघत नाही. जुन्या बार्बीच्या कानातल्या धातूच्या डुलांनी कानाभोवती हिरवट डाग पडतात. ते वेळीच काढले तर कान वाचतो. काहींच्या पायांना तेलकट चिकटपणा सुटतो. तो पुसायला पाय हाती तर लागले पाहिजेत.

आपल्या आया आणि आज्या शालू ट्रंकेत ठेवत, पण वर्षातून एकदा काढून घडी मोडत आणि वेगळी घडी घालत. एकाच घडीत राहिलेला रेशमी शालू घडीवर चिरतो हे त्यांना ठाऊक होतं. जपणं म्हणजे हात न लावणं अशी समजूत त्यांची नव्हती, आणि जुन्या वस्तूंची निगा राखणाऱ्या कुणाचीही नसते. जपण्यात तपासणं आलं, पुसणं आलं, डाग पसरण्याआधी थांबवणं आलं. उन्हापासून दूर काचेच्या कपाटात ठेवलेली, अधूनमधून स्वच्छ हातांनी पाहिलेली बाहुली ही कपाटाच्या माथ्यावर खोक्यात विसरलेल्या बाहुलीपेक्षा सुरक्षित असते, असं मी ठामपणे म्हणते.

तिसरा मुद्दा कागदपत्रांचा. खोक्यावर साल, मालिका, कारखान्याचा देश ही माहिती असते. आतलं पत्रक, पायाशी ठेवलेला कंगवा, स्टँड हे सगळं त्या बाहुलीचं प्रमाणपत्रच. हे मला मान्य आहे आणि म्हणून मी खोकं फेकून देण्याच्या विरोधात आहे. ते सावकाश उघडावं, टेप कापावी पण पुठ्ठा फाडू नये, आतली मांडणी कशी होती याचा फोटो काढावा, पत्रक आणि सुटे भाग पाकिटात घालून त्यावर नाव लिहावं. पण खोकं सांगतं त्याहून खोलवरची माहिती अंगावर असते. पहिल्या छापाच्या बार्बीच्या तळपायांना भोकं असतात आणि त्यांत तांब्याच्या नळ्या बसवलेल्या असतात, स्टँडचे खिळे त्यांत जावेत म्हणून. ही खूण बुटं काढल्याशिवाय दिसणार कशी? कित्येक बाहुल्यांच्या कमरेखाली १९६६ हे साल उठवलेलं असतं. ते त्या अंगाच्या साच्याच्या कॉपीराइटचं साल, बाहुली बनल्याचं नव्हे. तरी ते वाचून पुष्कळ जण नव्वदच्या दशकातली बाहुली साठच्या दशकातली म्हणून विकतात आणि घेतातही. हा फरक ज्याने अनेक बाहुल्या उलटसुलट करून पाहिल्या आहेत त्यालाच कळतो.

हे तीनही मुद्दे बाजूला केले तरी सीलबंद खोक्याचा आग्रह सुटत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यामागे एक न बोललेली गोष्ट आहे. मोठी, लग्न झालेली, नोकरी करणारी बाई बाहुलीचे केस विंचरते हे आपल्याकडे कसं दिसतं? शेजारीण काय म्हणेल, सासूबाई काय म्हणतील, कार्यालयात कळलं तर काय होईल? खोकं बंद असलं की उत्तर सोपं होतं: ही गुंतवणूक आहे. खोकं उघडलं की कबूल करावं लागतं की मला ही आवडते, मला हिला नटवायला आवडतं. सील हा पुष्कळ जणींसाठी परवाना आहे. आपल्या आनंदासाठी काही बाळगायचं तर त्याला पैशाचं कारण लावावं लागतं, ही सक्ती बायकांवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. दागिनासुद्धा आपण अडचणीला उपयोगी पडतो असं सांगूनच घेतो. मला राग येतो तो या सक्तीचा. ज्या बायका सील राखतात त्यांचा मुळीच नाही. पण या सक्तीला प्रदर्शनाच्या नियमाचं रूप द्यायचं हे मी कसं मान्य करू?

त्याच प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर पाहा. तिथे टपाल संग्राहक बसलेले असतात. त्यांच्याकडे कोरी तिकिटं असतात तशी वापरलेलीही असतात, आणि पाकिटावर चिकटून, शिक्का खाऊन, गावोगाव फिरून आलेलं तिकीट पुष्कळदा कोऱ्यापेक्षा मोलाचं मानलं जातं. बेळगावचा जुना शिक्का स्पष्ट उठलेलं पाकीट मिळालं तर ते दहा जणांना बोलावून दाखवतात. तिकीट वापरलं गेलं म्हणून बाद, असं तिथे कुणी म्हणत नाही. कारण त्या छंदाने वापराच्या खुणा वाचायची विद्या उभी केली आहे. बाहुलीच्या छंदाने तशी विद्या का उभी करू नये?

आपल्या परंपरेत तर बाहुली कधी बंद नव्हतीच. भातुकलीतली लाकडी ठकी, बाहुला-बाहुलीचं लग्न, त्यात मुलींनी चिंध्यांतून शिवलेला शालू. घाट उतरला की सावंतवाडीची लाकडी खेळणी, आणि आपल्याच जिल्ह्यात गोकाकची रंगवलेली लाकडी फळं आणि मूर्ती. पुढे कोप्पळकडे गेलात तर किन्नाळच्या बाहुल्या. या सगळ्या कारागिरीला कन्नड-मराठी अशी वाटणी कधी जमली नाही, जत्रेत घेणाऱ्या मुलीने ती कधी विचारलीही नाही. आणि गौरी? मुखवट्याच्या गौरी ज्यांच्याकडे असतात त्या वर्षभर त्यांना मऊ कापडात गुंडाळून जपतात आणि भाद्रपदात बाहेर काढून नवी साडी नेसवतात, दागिने घालतात, निऱ्या मनासारख्या बसेपर्यंत पुन्हा पुन्हा करतात. कितीतरी घरांतले मुखवटे तीन-चार पिढ्या जुने आहेत. दरवर्षी हात लागूनही ते टिकले, आणि हात लागत राहिला म्हणून सुनांना साडी नेसवता आली.

राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला आणि लक्ष्मी, सरस्वती घराघरांत पोचल्या. तेव्हा कितीतरी घरांत बायकांनी त्या छापील देवींना जरीचे तुकडे, टिकल्या, मणी, खरं कापड चिकटवून सजवलं. सीलबंदवाल्यांच्या नियमाने हे चित्र 'खराब' झालं म्हणायला हवं. पण आज अशी हाताने नटवलेली चित्रं संग्राहक मुद्दाम शोधतात, कारण छापखान्याने हजारो सारख्या प्रती काढल्या आणि त्यातली प्रत्येक एका बाईच्या हाताने वेगळी झाली. कारखान्यातून लाखांनी निघालेल्या बाहुलीचं याहून वेगळं काय आहे?

इथे मला आपल्या भागाबद्दल थोडं तपशिलाने बोलायचं आहे, कारण खोकं उघडल्यावर काय करता येतं हे इथल्याइतकं सहज फार थोड्या ठिकाणी करता येईल. शहापूर-वडगावचे माग, बाजारात येणारी इरकल, गुळेदगुड्डचा खण हे आपल्या हाताशी आहे. बार्बी साधारण १:६ प्रमाणाची. नऊवारी साडी त्या मापाने दीड वाराची होते आणि पन्हा साडेसात इंचांचा. आकडे सोपे आहेत, कापड सोपं नाही. लांबीरुंदी सहापट कमी करता येते, सुताची जाडी करता येत नाही. खरी इरकल त्या अंगाला नेसवली की निऱ्या कमरेशी गठ्ठ्यासारख्या फुगतात आणि काष्टा बसतच नाही. त्याला धुऊन धुऊन विरलेली जुनी सुती साडी किंवा मलमल लागते. निऱ्या आधी कागदावर घालून, पातळ खळ देऊन, इस्त्री करून मग नेसवाव्या लागतात. काठ म्हणून अर्ध्या बोटाहून बारीक जरीपट्टी शोधावी लागते. चोळीला मात्र खण चालतो, पण बुट्टा अगदी बारीक हवा, नाहीतर एकच बुट्टा सगळी पाठ व्यापतो. शिवणीची जागा एवढी थोडी असते की कापडाची कड आधी डिंकाने बंद केली नाही तर धागे सुटतात. ज्या बाईने बाहुलीची नऊवारी नीट बसवली तिला कापडाचा पडाव, काठाचं वजन, काष्ट्याची ओढ हे सगळं नव्याने कळतं. मोठी साडी नेसताना हे कळत नाही, तिथे हात सवयीने चालतो. आमच्या घरांतून नऊवारी नेसणं झपाट्याने जातं आहे. आता तयार शिवलेली नऊवारी मिळते आणि ती पायजम्यासारखी चढवली जाते. अशा वेळी एखाद्या मुलीने साडेअकरा इंची अंगावर का होईना खरा काष्टा घालून पाहिला, तर त्या विद्येचं काही राहील. सीलबंद खोक्यात यातलं काय राहतं?

कुणी म्हणेल, मग स्वस्तातली बाहुली उघडा, मौल्यवान कशाला? माझं म्हणणं आहे, जिच्या जगात मोजक्याच प्रती उरल्या असतील ती न उघडलेली अवश्य ठेवा. तो अभ्यासाचा ऐवज आहे आणि तो एखाद्या संग्रहालयात गेला तर उत्तमच. पण आपल्याकडे ज्या बाहुल्या आहेत त्यांतल्या किती अशा आहेत? दिल्लीला शंकर पिल्ले यांनी उभारलेल्या आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयात १९६५ पासून देशोदेशीच्या बाहुल्या लोक पाहायला जातात. त्या काचेआड आहेत, पण खोक्यात नाहीत. पोशाख दिसावा, पदर कुठून घेतला ते दिसावं, म्हणून त्या उभ्या केल्या आहेत.

तेव्हा प्रदर्शन भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की ती अट काढा आणि दोन विभाग करा. सीलबंद बाहुल्यांचा एक, त्यात खोक्याची अवस्था पाहा. उघड्या बाहुल्यांचा दुसरा, त्यात केस, सांधे, मूळ बुटं-दागिने, डागांची निगा आणि संग्राहकाने स्वतः लिहिलेलं माहितीचं कार्ड यांना गुण द्या. आणि जमलं तर तिसरा विभागही ठेवा, निव्वळ बाहुलीच्या कपड्यांचा, ज्यात स्वतःची बाहुली असण्याची अट नसावी. आयोजकांनी चार साध्या बाहुल्या टेबलावर ठेवाव्यात आणि ज्या मुलींच्या घरी शिवणयंत्र आहे पण हजारोंची बाहुली घ्यायची ऐपत नाही, त्यांनी आपण शिवलेली साडी-चोळी घेऊन यावं आणि तिथेच नेसवून दाखवावी.